गणवेष उतरल्यानंतर

चांगीच्या धक्क्यावर बारा उतारू जमले की बमबोट सुटते आणि थोड्याच वेळात पुलाउ उबीनला लागते. दगडाच्या जुन्या खाणींत आता पाणी साचले आहे. आपली मुले तेथे सायकली फिरवतात. पण ७ फेब्रुवारी १९४२ च्या रात्री जपानी सैनिक या बेटावर उतरले, तेही निव्वळ हुलकावणी देण्यासाठी. खरा हल्ला दुसऱ्या रात्री वायव्य किनाऱ्यावर झाला, आणि १५ फेब्रुवारीस सिंगापूर पडले.

त्या वेळी युद्धकैदी झालेल्या हिंदी अधिकाऱ्यांत आपला एक कोकणी माणूस होता: सावंतवाडीकडील तिरोड्याचे जगन्नाथराव भोसले. जन्म १९०६ चा, लष्करी शिक्षण सँडहर्स्टचे. पुढे ते आझाद हिंद फौजेत गेले. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी नेताजींनी कॅथे येथे हंगामी सरकारची घोषणा केली, तेव्हा सेनेच्या प्रतिनिधींत भोसलेही होते. त्यांनी शपथ मोडली असे म्हणणारे होते, देशासाठी मोडली असे म्हणणारेही होते. त्या वर्षांत हा वाद हिंदी पलटणींत बराकीबराकींतून झाला.

युद्ध संपले. स्वतंत्र भारताच्या सैन्यातही आझाद हिंद फौजेच्या लोकांना परत घेतले गेले नाही. ऐन उमेदीत गणवेष उतरला की माणसाने काय करावे? निवृत्त सैनिकाने विम्याची एजन्सी घेणे आपल्याला अपरिचित नाही. कडक इस्त्रीचा सदरा, वेळेचा काटेकोरपणा, आणि तोंडी एकच गोष्ट: आपल्या पश्चात घर उघडे पडू नये.

भोसल्यांनी विमा विकला नाही, पण काम त्याच जातीचे केले. १९५२ साली ते रत्नागिरीकडून लोकसभेवर निवडून आले व पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. फाळणीने ज्यांची घरे खरोखरच उघडी पडली होती, त्या निर्वासितांची मुले त्यांनी पाहिली. १९५४ साली दिल्लीच्या कस्तुरबा निकेतनात अशाच मुलांना घेऊन त्यांनी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. कवायत, समूहगीते, थोरांच्या गोष्टी. पुढे ती अनेक राज्यांच्या शाळांत पोचली.

१९६३ साली ते वारले. त्यांची योजनाही पुढे दुसऱ्या योजनेत विलीन झाली. पण हरलेल्या फौजेच्या सेनानीने कटुता न धरता पोरक्या मुलांना ताठ उभे राहायला शिकवले, ही कमाई लहान नव्हे. पुढच्या खेपेस उबीनला जाल तेव्हा मुलांना एवढे जरूर सांगा.