मळ्यासाठी गाडी घेताना

आमचा पुरंदर तालुका चढउताराचा. एकाच घरची चार एकर जमीन असते, पण ती एका जागी नसते. एक तुकडा माळावर, एक डोंगराच्या पोटाशी, एक खाली ओढ्याकाठी. वर सीताफळ, मध्ये अंजीर, खाली वाटाणा किंवा ज्वारी. खत वर न्यायचे, माल खाली आणायचा आणि तो सासवडच्या बाजारात पोचवायचा. पूर्वी हे सारे काम बैलगाडी करी. आता दावणीला बैल थोड्याच घरी राहिले आहेत. म्हणून जो तो विचारतो, गाडी कोणती घ्यावी?

गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. चहा झाला. मग म्हणाला, "गुरुजी, छोटा ट्रॅक्टर घ्यायचा म्हणतोय. किती एच.पी.चा घेऊ? शेजारच्यांचा चोवीसचा हाय. मग आपला अठ्ठावीसचा तरी पायजे."

मी विचारले, "अरे, पायताण घ्यायला जातोस तेव्हा शेजाऱ्याच्या पायाचे माप देतोस का?"

तो हसला. पण मला हसू आले नाही. कारण हीच चूक मी स्वतः केलेली आहे.

मी शाळामास्तर. यंत्रे विकणे किंवा दुरुस्त करणे हा माझा धंदा नव्हे. पेन्शनचे पैसे हातात आले, तेव्हा धाकट्या भावाच्या आणि माझ्या शेतीसाठी आम्ही एक छोटा ट्रॅक्टर घेतला. ट्रॅक्टर चांगला होता. पण ट्रॉली आम्ही जुनी घेतली, आणि घेतली ती मोठी. स्वस्त मिळाली, शिवाय एका खेपेत दोन खेपांचे काम होईल, असा हिशेब केला. चढावर ट्रॅक्टरने ती भरली ट्रॉली विनातक्रार ओढली. आम्ही खूश झालो. आठ महिने सगळे ठीक चालले.

पुढे जूनमध्ये वळवाचा पाऊस झाला. वरच्या तुकड्यावरची अर्धी ट्रॉली खत खाली ओढ्याकडच्या रानात आणायची होती. पुतण्या चालवत होता. मी मडगार्डवर बसलो होतो. उतार लागला, पुतण्याने ब्रेक दाबला. ट्रॅक्टरची चाके फिरायची थांबली, पण ट्रॅक्टर थांबला नाही. मागून ट्रॉली त्याला ढकलत होती. बघता बघता ट्रॅक्टर आडवा झाला आणि बांधावरच्या बाभळीला जाऊन टेकला. मी चिखलात फेकला गेलो. पुतण्याचा पाय ट्रॅक्टर आणि बाभळ यांच्यामध्ये सापडला. तो पाय जोडला गेला, पण आजही तो मुलगा जिना चढताना कठड्याला धरतो. त्या रात्री आमची वहिनी एवढेच म्हणाली, "बैल निदान आपणहून थांबत तरी होते." तिला काय उत्तर देणार?

हे असे का झाले? हे मला नंतर कागद-पेन्सिल घेऊन बसल्यावर कळले. ते तुम्हालाही सांगतो. गणित सोपे आहे.

एच.पी. म्हणजे इंजिनाची काम करण्याची ताकद. पंचाहत्तर किलोचे ओझे एका सेकंदात एक मीटर उंच उचलायला जी ताकद लागते, ती सुमारे एक एच.पी. चांगली बैलजोडी दिवसभर काम करते, ते साधारण एवढ्याच ताकदीने. म्हणजे वीस एच.पी.चा ट्रॅक्टर पुष्कळच झाला. पण ध्यानात घ्या, हा आकडा फक्त ओढण्याचा आहे. थांबण्याचा नाही. थांबणे हे इंजिनाच्या ताकदीवर ठरत नाही. ते ठरते चाकांवर किती वजन आहे आणि जमीन चाकाला किती धरते, यावर.

आता पाहा. समजा उतार असा आहे, की दहा फूट पुढे गेल्यावर जमीन दोन फूट खाली जाते. म्हणजे पाच फुटांना एक फूट. अशा उतारावर गाडीच्या एकूण वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तिला खाली ढकलत असतो. छोटा ट्रॅक्टर ८०० किलो, चार चाकी रिकामी ट्रॉली ७०० किलो, आत खत १५०० किलो. एकूण ३००० किलो. त्याचा पाचवा हिस्सा ६०० किलो. हा झाला खाली ढकलणारा जोर.

तो अडवणार कोण? ट्रॉलीला ब्रेक नाही. ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या दोन चाकांना. त्या दोन चाकांवर वजन सुमारे ५०० किलो. कोरड्या मातीवर चाकाची पकड त्या वजनाच्या निम्मी धरा, म्हणजे २५०. ओल्या चिकण मातीवर ती आणखी कितीतरी कमी होते. एकीकडे ६००, दुसरीकडे २५० सुद्धा नाही. मग ब्रेक कितीही दाबा, चाके अडतात आणि गाडी घसरत जाते. आमचे हेच झाले. आमचा ट्रॅक्टर चांगला होता, पुतण्याही चांगला चालवत होता. वजाबाकी आम्ही केली नव्हती.

म्हणून माझे म्हणणे असे, की गाडी चढते किती हे विचारू नका. भरलेली गाडी आपल्याच रानाच्या वाटेने उतरते कशी, हे आधी पाहा. इंजिनाचा आकडा त्यानंतर.

विद्यार्थ्याला मी म्हटले, "आज दुकानात जायचे नाही. आज तुझ्या रानात जायचे." आम्ही गवंड्याकडची पाण्याची पारदर्शक नळी मागून घेतली. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत राहते, हे तुम्ही घर बांधताना पाहिलेच असेल. दहा फूट अंतरावर दोघे उभे राहिलो आणि उतार मोजला. बाकी वाट सोपी होती. ओढ्याजवळ मात्र पाचास एक उतार भरला, आणि नेमके तिथेच वळण. नंतर दोरीने वाटेची रुंदी मोजली. पाणंद, फाटक, विहिरीची कड, अंजिराच्या दोन ओळींमधले अंतर. जिथे वाट सर्वांत अरुंद, ते आपल्या गाडीचे माप. ट्रॉली जोडून वळायला जागा किती लागते, हेही तिथेच चालून पाहावे.

मग त्याला विचारले, "वर्षात एका वेळी जास्तीत जास्त किती माल नेतोस?" तो म्हणाला, "लई." 'लई' हा आकडा नव्हे. मोजले तेव्हा फळांचे वीस-वीस किलोंचे पंचवीस क्रेट निघाले. म्हणजे ५०० किलो. खत जास्त असते, पण ते वर्षातून चार दिवस. त्या चार दिवसांसाठी बाकीचे दिवस मोठी ट्रॉली कशाला फिरवायची? खताच्या दोन खेपा जास्त कराव्यात.

पाण्याच्या टाकीबद्दल मात्र एक वेगळी गोष्ट आहे. पाणी लिटरला किलो. पाचशे लिटरची टाकी म्हणजे अर्धा टन. आणि अर्धी भरलेली टाकी पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा दगा देणारी असते. आडव्या उतारावर किंवा वळणावर पाणी एका बाजूला धावते आणि गाडीलाही तिकडे झुकवते. टाकी न्यायची तर पूर्ण भरून, किंवा आत आडवे पत्रे असलेली न्यावी.

आता गाड्या कोणकोणत्या? ज्याला मुख्यतः माल बाजारात न्यायचा आहे आणि ज्याच्या बांधापर्यंत पक्का रस्ता आहे, त्याला ट्रॅक्टर हवाच असे नाही. ज्याला लोक 'छोटा हत्ती' म्हणतात तो चार चाकी टेंपो २००५ साली निघाला. तो पाऊण टनाच्या आसपास ओझे नेतो आणि त्याला चारही चाकांना ब्रेक असतात. पण चिखलात तो रुततो. तीनचाकी टेंपो सडकेवर ठीक, पण पुढे एकच चाक असल्याने आडव्या उतारावर तो कलंडण्याची धास्ती असते. रानात तो नेऊ नये.

कोकणातल्या भाताच्या लहान खाचरांत पॉवर टिलर सोयीचा. आमच्याकडे तो कमी. पण त्याची एक खोड माहीत असावी. सपाटीला उजवा क्लच दाबला की तो उजवीकडे वळतो. तीव्र उतारावर मात्र क्लच दाबलेले चाक मोकळे सुटून पुढे धावते, आणि टिलर उलट्या दिशेला वळतो. नवखा माणूस इथे फसतो.

छोटा ट्रॅक्टरच घ्यायचा ठरले, तर चारही चाकांना जोर देणारा पाहावा. लोक तो चिखलातून निघण्यासाठी घेतात. मला त्याचे मोल उतारावर वाटते. चारही चाके जोडून खालच्या गिअरमध्ये उतरले, की इंजिन चारही चाकांना रोखून धरते. ज्या गिअरमध्ये चढ चढता, त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला उतारावर गाडी मोकळी सोडणारे पुष्कळ आहेत. दहा रुपयांचे डिझेल वाचते, पण गाडी हातात राहत नाही.

आणखी एक. ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पायटे असतात, एक डाव्या चाकाचा, एक उजव्या चाकाचा. शेतात वळायला ते वेगळे लागतात. वाटेवर आणि सडकेवर ते खटक्याने एकमेकांना जोडलेच पाहिजेत. नाहीतर पाय एकावरच पडतो आणि ट्रॅक्टर गर्रकन आडवा फिरतो. घेताना हा खटका नीट बसतो का, हे स्वतः करून पाहा. ओझे नेहमी खालच्या ओढदांड्याला जोडा. रुतलेली ट्रॉली काढायला साखळी वर बांधली, तर पुढची चाके उचलतात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. त्याला एवढा थोडा वेळ लागतो की उडी मारायलाही सवड मिळत नाही. सीटमागे लोखंडी कमान असलेला ट्रॅक्टर मिळाला तर तोच घ्या, आणि कमान असेल तर पट्टा बांधून बसा. सावलीचे छत ही कमान नव्हे, बरे का.

झाडांच्या ओळींतून जाणारा अरुंद ट्रॅक्टर लवकर कलंडतो, हेही ओघाने आलेच. पुष्कळ ट्रॅक्टरांची चाके रिंग उलटी बसवून बाहेर घेता येतात. उतारावरच्या कामाला ती जमेल तेवढी बाहेर घ्यावीत. मध्य प्रदेशात बुदनी येथे सरकारी संस्थेत ट्रॅक्टरांची परीक्षा होते. ओढ किती, ब्रेक कसा, वजन किती, हे तिच्या अहवालात असते. दुकानदाराकडे रंगीत कागदाऐवजी तो अहवाल मागा. वाचायला आता तुम्हाला येतेच.

पैशाची गोष्ट थोडक्यात सांगतो. समजा वर्षाचे हप्ते ९०,००० रुपये झाले आणि गाडी ६० दिवस चालली. तर दिवसाला १,५०० रुपये झाले, तेही डिझेल आणि दुरुस्ती सोडून. तेवढ्यात भाड्याने काम होते का, ते पाहा. होत असेल तर भाड्याने करा. त्यात कमीपणा नाही. सरकारी अनुदान हवे असेल, तर महाडीबीटीवर आधी अर्ज करावा, पूर्वसंमती मिळू द्यावी आणि मगच खरेदी करावी. आधी गाडी घेऊन मागून अर्ज करणाऱ्याला अनुदान मिळत नाही. नोंदणी आणि विमा ट्रॅक्टरचा असतो तसा ट्रॉलीचाही करावा लागतो.

आणि ट्रॉलीत माणसे नेऊ नका. कायद्यात ते बसत नाही, आणि विम्याचे पैसेही सहसा मिळत नाहीत. २०२५ साली ४ एप्रिलला नांदेड जिल्ह्यात आलेगावच्या शिवारात शेतमजूर बाया घेऊन निघालेला ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत पडला. सात बाया दगावल्या. सकाळी भाकरी बांधून कामाला निघालेल्या बाया होत्या त्या. आपल्याकडे विहिरींना कठडे कमी, आणि वाटा विहिरींच्या कडेनेच जातात. वाट बदलता येत असेल तर गाडी घेण्याआधी वाट बदला.

माझ्या विद्यार्थ्याने तसेच केले. ओढ्याजवळचा बांध फोडून त्याने वाटेला लांब वळसा दिला. पाचास एक उतार होता, तो आता दहास एक झाला. त्याला चार दिवसांचे जेसीबीचे भाडे पडले. एच.पी. अठ्ठावीसवरून अठरावर आले. ट्रॉली एक टनाहून कमी मालाची सांगितली आहे, आणि तिला स्वतःचा ब्रेक लावून मागितला आहे. बनवणारा आधी नको म्हणत होता. "कोण लावतं हो गुरुजी ट्रॉलीला ब्रेक?" म्हणाला. मी त्याला वरची वजाबाकी पाटीवर करून दाखवली.

पुढच्या आठवड्यात ट्रॉली येणार आहे. पहिल्या खेपेला पुतण्या आणि मी, दोघांनाही बोलावणे आहे. आम्ही जाऊ, आणि वाटेच्या कडेला उभे राहून पाहू. मडगार्डवर मी बसणार नाही.