नामदेव गाथा

संतकवी व कीर्तनकार नामदेव (१२७०–१३५०) यांच्या अभंगांचा संग्रह. ‘गाथा’ हे नाव व आजचे ग्रंथरूप दोन्ही उत्तरकालीन होत. नामदेव अभंग रचीत आणि वीणा-टाळांच्या साथीने कीर्तनात ते स्वतःच गात. श्रोते ते पाठ करीत आणि पुढील कीर्तनकार आपल्या बाडांत उतरून घेत. त्यामुळे या गाथेचा इतिहास हा बव्हंशी तिच्या गायनाचा व श्रवणाचा इतिहास आहे. तिच्यातील नेमके कोणते अभंग नामदेवांचे, हा प्रश्नही त्यातूनच उद्‌भवला आहे.

नामदेवांचा जन्म शिंपी कुटुंबात दामाशेटी व गोणाई यांच्या पोटी झाला. जन्मस्थळाबाबत मतभेद असून हिंगोली जिल्ह्यातील नरसी व पंढरपूर ही दोन नावे प्रामुख्याने पुढे येतात. आयुष्याचा मोठा काळ त्यांनी पंढरपुरात घालविला.

गाथेतील रचना एकाच जातीची नाही. विठ्ठलाशी केलेले लाडिक भांडण, नाममाहात्म्य आणि बालक्रीडा यांबरोबरच ‘आदि’, ‘तीर्थावळी’ व ‘समाधी’ ही ज्ञानदेवांचे चरित्र सांगणारी प्रकरणे तीत येतात. ज्ञानदेवांच्या १२९६ मधील आळंदीच्या समाधीचे त्यांतील वर्णन मराठीतील आरंभीच्या चरित्रलेखनात गणले जाते. पत्नी राजाईने घरातील दारिद्र्याबद्दल केलेली तक्रार आणि गोणाईची कळवळ त्यांच्याच मुखाने मांडणारे अभंगही तीत आहेत. ते त्या स्त्रियांचे की त्यांच्या वतीने नामदेवांनी रचलेले, हे सांगणे कठीण आहे. मात्र संतचरित्रांतील अलौकिकापेक्षा हा घरगुती सूर अधिक विश्वसनीय वाटतो. छंदाच्या दृष्टीने पाहता, बावीस अक्षरांच्या मोठ्या अभंगाचे (सहा, सहा, सहा व चार) लक्षण नामदेवांच्याच एका अभंगात सांगितलेले आढळते.

गाथेतील विचाराला वळण देणारा प्रसंग परंपरेने औंढा नागनाथ (हिंगोली जिल्हा) येथे घडल्याचे मानले जाते. संतमेळ्यात गोरा कुंभाराने नामदेवांना ‘कच्चे मडके’ ठरविले व ते गुरूच्या शोधात निघाले, अशी कथा आहे. नागनाथाच्या देवळात विसोबा खेचर शिवलिंगावर पाय ठेवून पडलेले त्यांना दिसले. देव नसेल तेथे माझे पाय ठेव, असे विसोबांनी सुचविले. परंतु पाय ठेवावेत तेथे लिंग प्रकट होऊ लागले. पंढरीच्या मूर्तीत देव पाहणाऱ्या कवीला तो सर्वत्र आहे, याचा बोध येथे झाला, असा या कथेचा आशय आहे.

औंढ्याची दुसरी कथा अधिक बोचरी आहे. देवळासमोर कीर्तन करणाऱ्या नामदेवांना हीन जातीचे म्हणून मागील बाजूस घालविले असता देऊळच त्यांच्याकडे फिरले. यादवकालीन शैलीतील या मंदिराचा खालचा भाग कोरीव काळ्या दगडाचा असून वरचे बांधकाम नंतरचे आहे. नंदी देवळाच्या मागील बाजूस का, याचे उत्तर म्हणून ही कथा तेथे सांगितली जाते. तथापि तिचा महत्त्वाचा लिखित आधार महाराष्ट्राबाहेर, शिखांच्या आदिग्रंथात सापडतो. त्यातील भैरव (भैरउ) व मल्हार (मलार) रागांतील दोन पदांत, जातीवरून झालेला अपमान व त्यानंतर देऊळ फिरणे हे नामदेव स्वतःच्या तोंडाने सांगतात. पदांत स्थळाचे नाव नाही. ‘छीपा’ हा जातिवाचक शब्द मात्र आहे. औंढ्याशी घातलेली सांगड मराठी परंपरेची आहे.

गुरू अर्जुनदेव यांनी १६०४ मध्ये सिद्ध केलेल्या या ग्रंथात नामदेवांची ६१ पदे अठरा रागांत विभागून समाविष्ट आहेत. त्यांची भाषा जुनी हिंदी असली, तरी काही ठिकाणी मराठी प्रत्यय व रूपे स्पष्ट दिसतात. निर्गुणाकडे कल असूनही त्यांत विठ्ठलाचे नाव ‘बीठल’ या रूपात येते. राजस्थानातील दादूपंथीयांच्या ‘पंचवाणी’ संग्रहांतही दादू, कबीर, रैदास व हरिदास यांच्यासह नामदेवांना स्थान मिळाले. पंजाबातील घुमान (जि. गुरदासपूर) येथे त्यांचे उत्तरायुष्य गेले, अशी तेथील श्रद्धा आहे. पंढरपूरची परंपरा त्यांची समाधी महाद्वारातील ‘नामदेव पायरी’त मानते. ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०१५ मध्ये घुमान येथे भरले, ते याच नात्याने.

पंजाबात पदे धर्मग्रंथात आल्यामुळे त्यांची संख्या व पाठ स्थिरावले. महाराष्ट्रात तसे झाले नाही. येथे गाथा कीर्तनकारांच्या हाती उघडी राहिली व वाढत गेली. सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा याच्या व इतरांच्या रचना ‘नामा’ या मुद्रेमुळे तीत मिसळल्या. नामदेवांनी शतकोटी अभंगांची प्रतिज्ञा केली व दासी जनाबाईसह सारे घर तिच्या पूर्तीस लागले, ही आख्यायिकाही जणू या वाढीला संमतीच देते. एका कवीचे हस्ताक्षर शोधणाऱ्या अभ्यासकांनी हे सर्व प्रक्षिप्त म्हणून बाजूला काढण्याचा प्रयत्न केला. अमेरिकन अभ्यासक क्रिस्टियन ली नोव्हेत्स्के यांनी २००८ मधील आपल्या ग्रंथात वेगळी भूमिका घेतली : कीर्तनात गाणारा ‘नामा’च्या नावाने बोलतो, तेव्हा ते नाव व्यक्तीपुरते राहत नाही. हे मत मोलाचे आहे. परंतु त्यामुळे पाठचिकित्सेची गरज संपत नाही. देऊळ फिरल्याचे पद चौदाव्या शतकातील शिंप्याचे की नंतरच्या कोणा गायकाचे, यावर जातिव्यवस्थेविरुद्धच्या त्या साक्षीचा काळ अवलंबून आहे.

नामदेवांच्या सातशेव्या जयंतीच्या सुमारास, १९७० मध्ये महाराष्ट्र शासनाने गाथेची आवृत्ती प्रसिद्ध केली. सुमारे अडीच हजार अभंग आज त्यांच्या नावावर मोडतात. विसाव्या शतकात आकाशवाणी व ध्वनिमुद्रिका यांमुळे या अभंगांना नवा श्रोता मिळाला. राम फाटक यांच्या चालीत भीमसेन जोशी यांनी गायिलेला विठ्ठलाचा अभंग मराठी घरांत सर्वपरिचित झाला. कीर्तनात अभंगाचे एकेक चरण थांबवून, निरूपणाने उलगडून गायिले जाते. ध्वनिमुद्रणात ते काही मिनिटांत, दर वेळी त्याच आलापांसह येते. वारीच्या दिंडीत मात्र चाल, गती व पाठ अजूनही गाणाऱ्यांवर अवलंबून असतात.