एफएमजीई: गुणांचा अंदाज एका आकड्यात मांडू नका

परदेशात वैद्यकीय शिक्षण घेऊन परतलेल्या बहुतेकांना भारतात डॉक्टर म्हणून नोंदणीसाठी एफएमजीई ही परीक्षा द्यावी लागते. प्रश्न 300, उत्तीर्ण व्हायला 150 गुण, चुकीच्या उत्तराला गुणकपात नाही. सराव पेपरात 150 पडले की अनेकजण निर्धास्त होतात, आणि मला खरी काळजी तिथेच वाटते. समजा, 100 उत्तरं पक्की येतात आणि उरलेल्या 200 प्रश्नांत चारपैकी कुठलाही पर्याय ठोकला. सरासरीने 50 बरोबर येतील, बेरीज 150. पण ही बेरीज निव्वळ योगायोगाने 6 गुणांनी सहज वरखाली होते. म्हणजे पास होणं जवळपास नाणेफेकीवर. पक्की उत्तरं 115 झाली की सरासरी 161 वर जाते आणि एवढा चढउतार पचतो.

कुणी म्हणेल, दोन पर्याय तर सहज गाळता येतात. खरं आहे, पण गाळता येणं हेही ज्ञानच, आणि ते न पाहिलेल्या प्रश्नांवरच मोजता येतं. तीच प्रश्नपेढी पुन्हा सोडवल्यावर वाढलेले गुण बरेचसे आठवणीचे असतात. म्हणून नवा, पूर्ण पेपर 150-150 च्या दोन सत्रांत वेळ लावून सोडवा, प्रत्येक उत्तरापुढे ‘पक्कं’ किंवा ‘अंदाज’ लिहा. ‘पक्कं’ लिहूनही चुकलेले विषय आधी वाचायला घ्या.