हवा कमी की गरमी कमी?

महाराष्ट्रात गाडीचा हीटर तसा दुर्लक्षितच. मुंबई-ठाण्यात त्याचा नॉब लाल बाजूला वर्षानुवर्षं कोणी नेत नाही. मग डिसेंबरात निफाडकडे पारा एक आकडी होतो, नाहीतर जुलैत आंबोलीच्या घाटात समोरची काच आतून पांढरी होते. तेव्हा नॉब फिरतो आणि कळतं, ब्लोअर नुसता घरघरतोय. दहा-पंधरा वर्षांच्या गाडीत यात नवल नाही. नवल आहे ते त्यावर मिळणाऱ्या सल्ल्यांचं. गॅरेजपासून सोसायटीच्या पार्किंगपर्यंत सगळे एकाच श्वासात बोलतात, पण ‘हवा येत नाही’ आणि ‘हवा गरम येत नाही’ या दोन निरनिराळ्या तक्रारी आहेत. पहिलीचा संबंध वीज, पंखा आणि हवेच्या वाटेशी. दुसरीचा इंजिनात फिरणाऱ्या कूलंटशी. हे आधी वेगळं केलं नाही तर पैसे भलत्याच ठिकाणी जातात.

‘हवा कमी येते? गॅस भरून घ्या.’

सर्वांत महागात पडणारा गैरसमज हाच. एसीतला गॅस हवा गार करतो, ढकलत नाही. ढकलण्याचं काम ब्लोअरचं. एसी बंद ठेवून ब्लोअर पूर्ण वेगावर लावा. तरीही झोत मंदच असेल, तर गॅसचं नावही काढू नका. शिवाय गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. कमी झाला असेल तर कुठूनतरी गळतोय, आणि गळती न शोधता भरलेला गॅसही त्याच वाटेने जाणार.

एक अपवाद मात्र आहे. गाडी सुरू केल्यावर झोत छान असतो, तासाभराने मंदावतो, एसी थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा जोरात येतो, असं होत असेल तर डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलवर बर्फ जमतोय. गॅस कमी झाला की कॉइलमधला दाब उतरतो, तापमान शून्याखाली जातं आणि हवेतलं बाष्प तिथेच गोठतं. पण केबिन फिल्टर तुंबला किंवा कॉइलचं तापमान सांभाळणारा सेन्सर बिघडला तरी हेच घडतं. म्हणून आधी फिल्टर बघायचा, मग गेज लावायचं.

‘चारवरच चालतो, म्हणजे मोटर गेली.’

उलट, चारवर चालतो म्हणजे मोटर जिवंत आहे. जुन्या गाड्यांत ब्लोअरचा वेग कमी करायला रेझिस्टर असतो. एक, दोन, तीनवर वीज त्यातून जाते. शेवटच्या वेगावर त्याला वगळून थेट मोटरला मिळते. रेझिस्टर जळला की खालचे वेग जातात, वरचा तेवढा उरतो. हा लहानसा भाग बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, स्वस्त असतो, आणि तरी त्याच्यासाठी अख्खी मोटर बदलली जाते.

पण नवा रेझिस्टर काही महिन्यांत पुन्हा जळला तर दोष त्याचा नाही. तो मुद्दाम हवेच्या झोतात बसवलेला असतो, कारण तापणं हा त्याचा स्वभाव आणि वाहती हवा त्याला थंड ठेवते. वाट तुंबली की तो भाजतो. मोटरचं बेअरिंग जड झालं असेल तर ती जास्त करंट ओढते, आणि त्यानेही तो भाजतो. अशा वेळी कनेक्टरही पाहावा. वितळून काळवंडलेला कनेक्टर तसाच ठेवून नवा रेझिस्टर लावणं म्हणजे पुढच्या फेरीची तयारी. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठ्या अँपिअरचा फ्यूज किंवा तार घालणारे हात अजूनही दिसतात. डॅशबोर्डमागे आग लागण्याचा हा खात्रीचा मार्ग आहे.

कुठल्याच वेगावर काही हलत नसेल, तर फ्यूज, रिले, अर्थिंग आणि मग मोटर, या क्रमाने जावं.

ब्लोअरचा आवाज जोरदार आणि झोत मात्र फुंकर घातल्यासारखा, असं असेल तर वाट अडली आहे. ज्या गाडीत केबिन फिल्टर आहे, तिथे तो काढून बाजूला ठेवा आणि ब्लोअर लावून पाहा. फरक पडला तर निदान झालं. हवेने झटकून तोच कागदी फिल्टर वर्षानुवर्षं वापरणं ही काटकसर नव्हे, आत रुतलेली बारीक धूळ झटकून निघत नाही. मारुती ८००सारख्या गाड्यांत मात्र हा फिल्टर नसायचाच. तिथे सगळी धूळ थेट कूलिंग कॉइलच्या पात्यांवर बसते आणि कॉइल साफ करण्यावाचून गत्यंतर नसतं. वायपरखालची जाळीही बघा. बाहेरची हवा तिथूनच आत येते. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत तिथे पाल्याचा थर साचतो, पाणी निघायची भोकं बुजतात आणि पावसाळ्यात ते पाणी ब्लोअरपर्यंत पोहोचतं. खडखड आवाज येत असेल तर पंख्यात सुकलेलं पान किंवा उंदराने आणून टाकलेला कापूस असू शकतो. डॅशबोर्डवरच्या जाळीतून काळा भुसा उडतो, त्याला लोक इंजिनाची काजळी समजतात. बहुतेक वेळा तो आतल्या फ्लॅपवरच्या स्पंजचा चुरा असतो. स्पंज गेला की फ्लॅप घट्ट बसत नाही, आणि पायाकडे पाठवलेली हवा काचेकडे निसटते. नॉब सैल, विनाप्रतिकार फिरत असेल तर केबल क्लिपमधून सुटली आहे. हे काम अनेकदा पाच मिनिटांचं असतं.

‘हीटर लावला की पेट्रोल जास्त लागतं.’

हे एसीवरून आलेलं अनुमान. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाची शक्ती घेतो. हीटर मात्र इंजिनाने एरवी टाकून दिलेली उष्णता वापरतो: गरम कूलंट डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून, म्हणजे हीटर कोअरमधून, फिरतं आणि ब्लोअर त्यावरून हवा नेतो. जादा खर्च तो फक्त पंख्याच्या विजेचा. म्हणूनच गाडी सुरू केल्याबरोबर गरम हवा मागण्यात अर्थ नाही. इंजिन तापेपर्यंत थांबावं लागतं.

ते तापूनही हवा कोमट असेल, तर बोनेट उघडून इंजिनामागच्या पत्र्यातून आत जाणारे हीटरचे दोन होज पाइप शोधा. फिरता पंखा आणि बेल्ट सांभाळून, हात जपून लावा. दोन्ही गरम असतील तर कूलंट पोहोचतंय. दोष फ्लॅपचा किंवा केबलचा. एक गरम, एक गार असेल तर कोअर तुंबलाय किंवा हीटरचा वॉल्व उघडत नाही. दोन्ही कोमट असतील तर कूलंट कमी आहे, आत हवा अडकली आहे किंवा थर्मोस्टॅटमध्ये गडबड आहे.

थर्मोस्टॅटबद्दल जरा सविस्तर बोललं पाहिजे. ‘आपल्याकडच्या हवेत थर्मोस्टॅट लागतच नाही, काढून टाका, गाडी तापणार नाही’ हा सल्ला इतका रुळलाय की अनेक जुन्या गाड्यांत तो भाग सापडतच नाही. साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान उघडणारी ही झडप इंजिनाला लवकर योग्य तापमानावर आणते. ती काढली की कूलंट सतत मोठ्या रेडिएटरमधून फिरत राहतं, इंजिन थंड चालतं, जास्त इंधन पितं, जास्त झिजतं. आणि हीटर कोमटच राहतो. गाडी तापत होती तर कारण रेडिएटर, पंखा किंवा पंपात होतं. थर्मोस्टॅट काढून ते फक्त झाकलं गेलं.

दुसरी सवय म्हणजे कूलंटऐवजी नळाचं किंवा बोअरचं पाणी ओतणं. बोअरच्या जड पाण्याचे क्षार आणि गंज हीटर कोअरच्या बारीक नळ्यांत बसतात. ज्या गाडीत हीटर कधी लागलाच नाही, तिथे हे कळायला काही वर्षं जातात.

‘घाटात गाडी तापली तर हीटर चुकूनही लावू नका.’

नेमकं उलट. एसी बंद करून हीटर आणि ब्लोअर पूर्ण लावला तर हीटर कोअर जादा रेडिएटरचं काम करतो आणि सुरक्षित जागी गाडी थांबवण्यापुरती उसंत मिळते. घामाघूम व्हाल, पण हेड गॅस्केट वाचेल. मात्र काटा लालकडे आणि हवा गार, असं झालं तर कूलंट बहुधा कोअरपर्यंत पोहोचतच नाही. ताबडतोब इंजिन बंद करा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. आत दाब असतो आणि उसळणारं पाणी चेहऱ्यावर येतं.

‘एसी आणि हीटर एकत्र लावायचे नसतात.’

पावसाळ्यात काच साफ ठेवायला तर तेच लावायचे असतात. हवा आधी कूलिंग कॉइलवर कोरडी होते, मग हीटर कोअरवर गरम होते. अशी हवा काचेवर सोडली की धुकं पटकन उडतं. आतलीच हवा फिरवणारं बटण मात्र बंद हवं, नाहीतर श्वासांतलं बाष्प आतच घुटमळतं. वायपर फिरवल्यावर धुकं पुसलं गेलं, तर ते काचेच्या बाहेर आहे. एसीच्या झोताने काच गार झाली आहे. तेव्हा झोत काचेवरून हटवायचा.

काचेवर पुन्हा पुन्हा चिकट तवंग येत असेल आणि गोडसर वास असेल, तर हीटर कोअर गळतोय. पायाखालचा गालिचा ओला म्हणजे कोअरच, असं मात्र नाही. पाणी स्वच्छ, बिनवासाचं असेल तर बहुधा एसीची ड्रेन नळी तुंबलेली असते. ती साफ करणं किरकोळ काम आहे.

आणि थांबलेल्या गाडीत इंजिन व हीटर चालू ठेवून झोपायचं नाही. विषारी वायू हीटरमधून निघत नाही, तो सायलेन्सरच्या धुरातून येतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. गळका सायलेन्सर किंवा बंद गॅरेज त्याला पुरतं.

कोअर बदलायला बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो. म्हणून मेकॅनिक दोन्ही होज एकमेकांना जोडून कोअर वगळून टाकतात. गळती थांबते, हीटर कायमचा जातो, आणि गाडी विकताना हे कोणी सांगत नाही. जुनी गाडी घेतली असेल आणि हीटर अजिबात लागत नसेल, तर डॅशबोर्ड उघडायला संमती देण्याआधी बोनेटखाली पाहा, दोन होज पत्र्यातून आत जातात की बाहेरच वळून एकमेकांना मिळाले आहेत.