अँड्रॉइड अ‍ॅपचे प्रकाशन आणि डिजिटल स्वाक्षरी : किल्ली कोणाच्या हाती?

प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या वर्गातील अनेक प्रकल्प आज मोबाईल अ‍ॅपच्या स्वरूपात सादर होतात. ग्रंथालयाची सूची, हजेरी, वेळापत्रक अशा विषयांवर विद्यार्थी अ‍ॅप तयार करतात, ते परीक्षकांपुढे चालते आणि गुण मिळतात. मात्र तेच अ‍ॅप महाविद्यालयाने प्रत्यक्ष वापरावयाचे व गूगल प्लेवर ठेवावयाचे ठरविले, की वर्गात फारसा न शिकविला जाणारा एक टप्पा पुढे येतो. तो म्हणजे प्रकाशनाची तयारी व डिजिटल स्वाक्षरी. हरवलेला कोड परिश्रमाने पुन्हा लिहिता येतो. हरवलेली स्वाक्षरीची किल्ली मात्र पुन्हा घडविता येत नाही. म्हणून हा विषय तांत्रिक असला तरी त्याचा संबंध संस्थेच्या कारभाराशीही आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजूंचा परिचय करून देण्याचा हेतू आहे.

शिक्का आणि मोर्तब

मराठी दरबारी पत्रांत आरंभी शिक्का व अखेरीस मोर्तब उमटविण्याचा प्रघात होता. पत्र कोणाचे हे शिक्क्यावरून कळे. मजकूर येथे संपला, पुढे कोणी काही घातलेले नाही, हे मोर्तबावरून कळे. 'शिक्कामोर्तब' हा शब्दप्रयोग त्यातूनच रूढ झाला. डिजिटल स्वाक्षरी ही दोन्ही कामे एकत्र करते.

तिचा पाया म्हणजे किल्ल्यांची जोडी. रिव्हेस्ट, शमीर व अ‍ॅडलमन यांनी १९७७ मध्ये मांडलेली आरएसए पद्धती या कामी आजही वापरली जाते. खासगी किल्ली स्वाक्षरी करणाऱ्याजवळच राहते. सार्वजनिक किल्ली प्रमाणपत्राच्या रूपाने अ‍ॅपबरोबर सर्वांना मिळते. अ‍ॅपच्या फाईलवरून हॅश नावाची एक ठरावीक लांबीची संख्या काढली जाते. फाईलमधील एक अक्षर बदलले तरी ही संख्या बदलते. खासगी किल्लीने या संख्येवर स्वाक्षरी केली जाते आणि फोन सार्वजनिक किल्लीने ती पडताळून पाहतो.

येथे विद्यार्थ्यांचे दोन गैरसमज होतात. पहिला असा, की स्वाक्षरीमुळे अ‍ॅप गुप्त होते. तसे नाही; मजकूर कोणालाही वाचता येतो, फक्त न कळत बदलता येत नाही. दुसरा असा, की स्वाक्षरी म्हणजे अ‍ॅप प्रामाणिक असल्याची हमी. अँड्रॉइडमध्ये कोणत्याही प्रमाणन संस्थेची गरज नसते. अ‍ॅपकर्ता स्वतःच स्वतःचे प्रमाणपत्र तयार करतो. त्यामुळे 'हा मनुष्य कोण' हे स्वाक्षरी सांगत नाही. 'काल ज्याने अ‍ॅप दिले त्याचीच ही आजची आवृत्ती आहे' एवढेच ती सांगते. पूर्वीच्या अ‍ॅपवर नवी आवृत्ती बसविताना फोन नेमके हेच तपासतो. स्वाक्षरी वेगळी निघाल्यास तो नकार देतो. मग जुने अ‍ॅप काढून टाकणे एवढाच मार्ग उरतो, आणि त्यासोबत अ‍ॅपने फोनवर साठविलेली माहितीही जाते.

स्वाक्षरीच्या पद्धतीतही सुधारणा होत गेल्या. पहिल्या पद्धतीत संचातील एकेका फाईलवर स्वाक्षरी होत असे, संपूर्ण संचावर नव्हे. २०१७ मध्ये उघड झालेल्या 'जॅनस' नावाच्या त्रुटीत याचाच फायदा घेऊन अ‍ॅपच्या आरंभी परका कोड जोडता येत होता आणि तरीही स्वाक्षरी खरी ठरत होती. २०१६ मध्ये अँड्रॉइड ७ सोबत आलेली दुसरी पद्धत संपूर्ण फाईलला संरक्षण देते. २०१८ मध्ये अँड्रॉइड ९ सोबत आलेल्या तिसऱ्या पद्धतीत जुन्या किल्लीच्या संमतीने नवी किल्ली स्वीकारण्याची सोय झाली.

प्रकाशनापूर्वीची तयारी

वर्गात अ‍ॅप चालविताना अँड्रॉइड स्टुडिओ स्वतःच एक चाचणी-किल्ली वापरतो. म्हणूनच विद्यार्थ्याला स्वाक्षरीची जाणीव होत नाही. गूगल प्ले चाचणी-किल्लीने स्वाक्षरित केलेले अ‍ॅप स्वीकारत नाही. प्रकाशनासाठी पुढील गोष्टी क्रमाने कराव्या लागतात.

१) अ‍ॅपचे अंतर्गत नाव : 'कॉम डॉट एक्झाम्पल' ने सुरू होणारे नमुन्याचे नाव प्लेवर चालत नाही. प्रकाशनानंतर हे नाव बदलता येत नाही. म्हणून ते संस्थेच्या संकेतस्थळाच्या नावावरून ठेवावे, विद्यार्थ्याच्या नावावरून नव्हे.

२) आवृत्ती क्रमांक : वापरकर्त्याला दिसणारे आवृत्तीचे नाव वेगळे आणि यंत्रणा पाहते तो पूर्णांक वेगळा. प्रत्येक नव्या आवृत्तीत हा पूर्णांक वाढलाच पाहिजे.

३) किल्ली : जावासोबत येणाऱ्या कीटूल या साधनाने अथवा अँड्रॉइड स्टुडिओतून ती तयार होते व कीस्टोअर नावाच्या परवलीच्या शब्दाने बंद केलेल्या फाईलमध्ये राहते. आरएसए २०४८ बिटांची किल्ली घेण्याचा प्रघात आहे. मुदत न दिल्यास कीटूल केवळ ९० दिवसांचे प्रमाणपत्र देते. गूगलची शिफारस किमान २५ वर्षांची आहे आणि प्लेसाठी मुदत २२ ऑक्टोबर २०३३ च्या पुढे असावी लागते.

४) अंतिम बांधणी : या बांधणीत आर-८ या साधनाचा वापर केल्यास न वापरलेला कोड गाळला जातो व नावे आखूड होतात. कधी कधी आवश्यक भागही गाळला जाऊन चाचणीत नीट चाललेले अ‍ॅप बंद पडते. म्हणून अंतिम बांधणीच प्रत्यक्ष फोनवर तपासावी.

५) क्रम : हाताने एपीके बांधताना आधी झिपअलाइन व नंतर एपीकेसाइनर चालवावा. स्वाक्षरीनंतर फाईलची फेरमांडणी केल्यास स्वाक्षरी मोडते. ज्या विद्यार्थ्याला हॅशची कल्पना समजली, त्याला हा नियम पाठ करावा लागत नाही.

गूगल प्लेची व्यवस्था

ऑगस्ट २०२१ पासून प्लेवरील नव्या अ‍ॅपसाठी एपीकेऐवजी अ‍ॅप बंडल देणे सक्तीचे झाले. बंडलमधून प्रत्येक फोनला योग्य असे एपीके गूगल तयार करते. त्यावर स्वाक्षरीही गूगलजवळील किल्लीने होते. अ‍ॅपकर्त्याजवळ राहते ती केवळ अपलोड-किल्ली. ती हरवल्यास खात्यामार्फत विनंती करून नवी नोंदविता येते. ही मोठी सोय आहे. पूर्वीची जी अ‍ॅप या व्यवस्थेत आणलेली नव्हती, त्यांची किल्ली हरवल्यास नव्या नावाने नवे अ‍ॅप काढण्यावाचून गत्यंतर नसे.

या व्यवस्थेची एक अडचण विद्यार्थ्यांना हमखास येते. गूगलचा नकाशा किंवा गूगल खात्याने प्रवेश यांसाठी प्रमाणपत्राचा ठसा नोंदवावा लागतो. विद्यार्थी स्वतःच्या किल्लीचा ठसा नोंदवितो, पण वापरकर्त्यापर्यंत गूगलने स्वाक्षरित केलेले अ‍ॅप पोहोचते. परिणामी संगणकावरून फोनवर घातलेले अ‍ॅप चालते आणि प्लेवरून घेतलेले चालत नाही. प्ले कन्सोलमध्ये दिलेला ठसाही नोंदविणे हा त्यावरील उपाय होय.

किल्ली संस्थेची असावी

अपलोड-किल्ली बदलता येते, पण ती विनंती करण्यासाठी खाते हाताशी हवे. खाते विद्यार्थ्याच्या व्यक्तिगत ई-मेलवर उघडलेले असले आणि तो पदवी घेऊन दुसऱ्या गावी गेला, तर महाविद्यालयाचे नाव धारण करणारे अ‍ॅप महाविद्यालयाच्या हातात राहत नाही. एखादी चूक दुरुस्त करावयाची झाली तरी त्याचा शोध घ्यावा लागतो. म्हणून संस्थेच्या नावाने खाते उघडणे हितावह आहे. नोंदणी-शुल्क एकदाच २५ डॉलर आहे. संस्थेच्या खात्यासाठी डन्स क्रमांक लागतो. उलट, १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या व्यक्तिगत खात्यास प्रकाशनापूर्वी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. संस्थेच्या खात्यास ही अट नाही.

किल्ली हरवण्याइतकेच ती दुसऱ्याच्या हाती पडणेही धोक्याचे आहे. डिसेंबर २०२२ मध्ये काही फोन-निर्मात्यांच्या स्वाक्षरीच्या किल्ल्या वापरून घातक अ‍ॅपवर स्वाक्षरी झाल्याचे उघड झाले. मोठ्या उद्योगांकडून जे निसटते, ते महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील सामाईक संगणकावरून सहज निसटू शकते. म्हणून कीस्टोअर व परवलीचे शब्द कोडच्या सामाईक संग्रहात कधीही ठेवू नयेत. कीस्टोअरच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी असाव्यात. परवलीचा शब्द बंद लिफाफ्यात कार्यालयाकडे असावा, आणि विभागप्रमुख बदलताना इतर सामानाच्या यादीप्रमाणे त्याचीही नोंद करून ताबा दिला जावा.

समारोप

अ‍ॅप लिहिण्यास एक सत्र पुरते. ते चालू ठेवण्यास अनेक वर्षे लागतात. त्या वर्षांत विद्यार्थी बदलतात, अध्यापक बदलतात. न बदलता राहते ती स्वाक्षरी. प्रकल्पाच्या मूल्यमापनात अंतिम बांधणी, स्वाक्षरी व किल्लीचे हस्तांतरण यांना थोडे गुण ठेवले, तर विद्यार्थ्याला व्यवसायात लागणारी शिस्त वर्गातच मिळेल आणि त्याने केलेले काम तो गेल्यानंतरही संस्थेच्या उपयोगी पडत राहील.