कॉन्व्हेंटची सुरुवात एका हातमागापासून

गटाच्या बैठकीत एका ताईने विचारलं, "कॉन्व्हेंट म्हणजे मोठ्या फीची इंग्रजी शाळाच ना?" आम्हालाही तसंच वाटायचं. खरं तर कॅथलिक धर्मभगिनी, म्हणजे सिस्टर, एकत्र राहतात त्या घराला कॉन्व्हेंट म्हणतात. त्यांनी शाळा काढल्या आणि शाळेलाही तेच नाव पडलं. अशाच एका संघाची ही गोष्ट.

फ्रान्समधलं लिऑन शहर रेशमी कापडासाठी प्रसिद्ध. तिथे १७७४ साली क्लोदिन तेवने जन्मली. राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९४ साली, तिच्या दोन भावांना मारण्यात आलं. मारणाऱ्यांना माफ कर, असा निरोप भाऊ देऊन गेले. क्लोदिनने तो पाळला.

१८१५ साली वाऱ्यावर सोडलेल्या दोन लहान मुली पाद्रींनी तिच्याकडे आणल्या. तिने त्यांची सोय लावली. मग मैत्रिणी जमवल्या आणि १८१८ साली संघ उभा केला. त्याचं नाव जीझस अँड मेरी. हाताशी काय होतं? एक अनाथ मुलगी, एक कामकरी बाई, एक हातमाग!

मुलींना रेशमाचं काम शिकवलंच, पण सोबत लिहिणं, वाचणं आणि हिशोबही. नुसतं काम येणारी मुलगी दुसऱ्याच्या हिशोबावर जगते. काम आणि हिशोब दोन्ही येणारी स्वतःच्या पायावर उभी राहते.

क्लोदिन १८३७ साली वारली. पाच वर्षांनी, १८४२ साली, तिच्या संघाच्या सिस्टर आग्र्याला पोचल्या. तेव्हा आपल्याकडे प्रवाशांची आगगाडीसुद्धा नव्हती. मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली ती १८५३ साली. पुढे मुंबई-पुण्यातही त्यांच्या शाळा निघाल्या. त्याच काळात, १८४८ साली, पुण्यात सावित्रीबाई आणि जोतिबांनी मुलींची शाळा उघडली होती. वाटा वेगळ्या, पण दोघींना कळलं होतं की मुलगी शिकली पाहिजे.

आपल्या आसोद्याच्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी लिहून घेतलं म्हणून त्यांची गाणी उरली. जी लिहिली गेली नाहीत, ती गेलीच.

हे आज सांगायचं कारण आहे. आमच्या गटातल्या एकीची आठवीतली मुलगी दिवाळीपासून कापूस वेचायला जाते. आई म्हणते, "काम शिकतेय ना!" शिकतेय खरी. पण वेचलेले किलो वहीत दुसराच कोणी लिहितो. मजुरी किती झाली, तेही तोच सांगतो.

म्हणून आम्ही ठरवलंय, दर बैठकीत बचतीचा हिशोब झाला की एक प्रश्न विचारायचा: या महिन्यात कुणाची मुलगी शाळेत गेली नाही? त्या घरी दोघींनी जाऊन बसायचं. आईला दोष द्यायचा नाही, अडचण विचारायची. वेचणीचे चार दिवस गटाने वाटून घेतले, तरी एक मुलगी वर्गात बसते.

तुमच्या गटातही हा प्रश्न विचारून पाहा.