पहिलीचा वर्ग : गप्पा, गठ्ठे आणि गोष्ट

तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधे हिशेब यावेत, हे ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाचे उद्दिष्ट. मुदत २०२६-२७. शेंदूरजनाघाटच्या पहिली-दुसरीत त्यासाठी रोज काय करता येईल?

बोलीचे काय?
घरात ‘काऊन’, पुस्तकात ‘का’. पहिली दहा मिनिटे लेकरांना वऱ्हाडीतच बोलू द्यावे. त्यातले एक वाक्य फळ्यावर लिहून सर्वांनी वाचावे. बोलीला हसले, की मूल गप्प बसते.

३४ चे ४३ का होतात?
‘चौतीस’मध्ये चार आधी ऐकू येतात, लिहिताना मात्र तीन आधी. तुराटीच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधावेत. तीन गठ्ठे, चार सुट्या. मग अंक लिहावा.

शेवटी काय?
गोष्ट वाचून दाखवावी. मध्येच थांबून ‘पुढे काय होईल?’ विचारावे.

क्रम रोज तोच का?
पुढे काय येणार हे ठाऊक असले, की मूल बिचकत नाही. संत्रा तोडणीच्या दिवसांत शाळा बुडालेल्या लेकरालाही परतल्यावर ओळखीचा वर्ग सापडतो.